दरमहा पाठवतो म्हणतात, सही करू का?

ताई, २७ वर्षांच्या संसारानंतर परस्पर संमतीने घटस्फोट घेऊन तुम्ही इंदूरहून मुलाकडे कॅनडाला जायचं ठरवलंत. नवरा म्हणतो, दरमहा २५ हजार पाठवतो, संमतीच्या कागदावर सही कर. नुसत्या त्या शब्दावर सही करू नका.

मी इंदूरच्या रामबागेतली. असाच कागद घेऊन लेकीकडे कॅनडाला आले. आठ महिने पैसे आले, मग थांबले. वसुलीचा अर्ज इंदूरलाच लावावा लागला. भावाला मुखत्यारपत्र दिलंय; तो बिचारा तारखांना जातो आणि मी इथे मध्यरात्री वकिलाच्या फोनची वाट बघत बसते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली एकरकमी पोटगीही मिळते. तीच मागा, आणि डीडी दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे संमतीच्या अर्जावरच्या दुसऱ्या आणि शेवटच्या सुनावणीच्या दिवशी कोर्टासमोर घ्या. सगळी रक्कम एकदम निघत नसेल, तर उरलेल्या पोटगीसाठी त्यांच्या नावावरच्या सुदामानगरच्या घरावर बोजा चढवून घ्या. कायद्यात सोय आहे, पण आपण होऊन कुणी सांगत नाही.

रक्कम ठरवताना नुसता पगार बघू नका. निवृत्ती तीन वर्षांवर आलीय म्हणता, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात पोटगीसाठी दोघांनीही मालमत्तेचं आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं असं सांगितलंय. तुमचं संमतीचं प्रकरण असलं तरी ते मागाच. संसारासाठी बाईने सोडलेली नोकरीही लक्षात घ्यावी, असंही त्या निकालात आहे. सासूबाईंच्या आजारपणात तुम्ही शाळेतली नोकरी सोडलीत ना? ते सालासकट लिहून द्या. मला वकिलाने विचारलं तेव्हा मी "घरीच असते" एवढंच म्हणाले. ते अजून सलतं.

लॉकरमधलं स्त्रीधन तुमचंच आहे, पोटगीत धरू देऊ नका.

सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे दीर्घकाळ राहायला येणाऱ्या आईवडिलांच्या व्हिसावर येणार असाल तर इथे नोकरी करता येत नाही, आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. मुलगा कितीही गुणाचा असो, औषधासाठी त्याच्यापुढे हात पसरताना जीव कानकोंडा होतो. कायमचं इकडे राहायला आलात की बँकेत सांगून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करून घ्या.

दोन मोशनांमध्ये सहसा सहा महिने जातात; कोर्ट ते माफही करू शकतं. पण डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. तिकीट डिक्रीची नक्कल हातात पडल्यावरच काढा.