नर्मदा परिक्रमेला जोडीने निघताना

चि. यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी सामानाची यादी मिळाली. स्लीपिंग बॅगा, पॉवर बँक, औषधांचा डबा ठीक आहे. तंबू तेवढा काढून टाक. नर्मदेकाठी आश्रम, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, कुणाची तरी पडवी, काही ना काही मिळतंच. पाठीवर सात-आठ किलोंच्या वर ओझं नको. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाललं की पाय सुजतात आणि बराचसा रस्ता डांबरी आहे. बाकी माहिती तुला यूट्यूबवर ढिगाने सापडेल.

मला लिहायचंय ते यादीच्या वर तू टाकलेल्या वाक्याबद्दल. ‘बाई, आम्ही पूर्ण वाटेत एकमेकांची साथ क्षणभरही सोडणार नाही.’ ह्यांना वाचून दाखवलं, तर हे नुसते हसले. अरे, असं करू नका.

नदी १३१२ किलोमीटर लांबीची. दोन्ही तीर आणि धरणांच्या फुगवट्यामुळे पडणारे वळसे धरले तर चालणं तीन हजार किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे चार-पाच महिने. इतके दिवस कुणाही दोघांची चाल जुळत नाही. ती तुझ्या वेगाने चालायला गेली तर तिचे घोटे धरतील. तू तिच्यासाठी पाय आखडलेस तर तुझे गुडघे कुरकुरतील, आणि आठवड्याभरात तुम्ही एकमेकांवर चिडायला लागाल. सकाळी एकत्र निघा, दुपारच्या जेवणाला भेटा, मुक्कामाला भेटा. मधलं अंतर ज्याचं त्याने चालावं.

त्यासाठी आमचा एकच नियम होता: पुढे असेल त्याने फाट्यावर थांबायचं. रस्ता सरळ असेल तोवर खुशाल पुढे जा, पण दोन वाटा फुटल्या की पिशवी उतरवून बसायचं. मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. बडवानीच्या अलीकडे अशाच एका फाट्यावर मी तासभर बसले होते. एका म्हातारीने घरातून खाट आणून टाकली, चहा पाजला, तिच्या मुलीच्या सासरची सगळी गाऱ्हाणी मी ऐकली. हे आले ते शर्टाच्या ओच्यात पेरू घेऊन. वाटेत कापूस वेचणाऱ्यांशी बोलत बसले होते. चुकामूक झालीच तर शोधायला उलटं फिरायचं नाही. सकाळी ठरवलेलं मुक्कामाचं गाव गाठायचं. काही पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून गावाचं नाव दोघांनाही तोंडपाठ हवं. ते फोनमध्ये असून उपयोग नाही.

पण मी वेगळं चाला म्हणते ते काही फक्त गुडघ्यांसाठी नाही. जोडपं सारखं बरोबर असलं की ते आपलं घर बरोबर घेऊनच फिरतं. आश्रमात आले की दोघं एका कोपऱ्यात बसतात, फोटो बघतात, लाइट बिल भरलं का यावर बोलतात. समोर बसलेले साधू, दरवर्षी सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा वाटणारा शेतकरी, यांच्याशी बोलायचं राहूनच जातं. एकट्या माणसाला लोक हाक मारतात, जोडप्याला जरा बिचकतात.

परिक्रमेची रीत इथे आपल्याला मदतच करते. संकल्प सोडला, म्हणजे परिक्रमेचं व्रत घेतलं, की वाटेवर ब्रह्मचर्य पाळायचं असतं. आसनं वेगळी लागतात, बऱ्याच ठिकाणी बायकांची झोपायची जागाही वेगळी असते. आश्रमात विचारतात, ‘कितनी मूर्ति?’, म्हणजे किती माणसं. तू बाबाजी होतोस, ती मैयाजी होते, कुणाची बायको म्हणून तिची ओळख कुणी करून घेत नाही. तुमच्या लग्नाला दोनच वर्षं झालीत, त्यामुळे हे जाच वाटेल. वाटू दे. मी तर म्हणते, नर्मदाजलाची कुपीही दोघांनी आपापली घ्या आणि रोजची पूजा आपापली करा.

आता चुलीचं. कुठे तयार जेवण मिळतं, कुठे सदाव्रताचा कोरडा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची. शिधा समोर आला की सगळ्यांचे डोळे मैयाजीकडे वळतात. तीही तेवढंच चाललेली असते हे कुणाच्या लक्षात येत नाही, बरोबरच्या नवऱ्याच्या तर अजिबात नाही. अशी जोडपी मी पुष्कळ पाहिली: तो पाय पसरून तळव्यांना तेल चोळतोय आणि ती ओल्या लाकडांवर फुंकर घालतेय. तवा तुझ्या पिशवीत असू दे. टिक्कड म्हणजे जाड रोटी भाजायला तास-दोन तासांत शिकता येतं. घरीच शीक, निघायच्या आधी.

पाळीचा विषय तू काढला नाहीस, पण तो येणारच. अनेक आश्रमांत त्या दिवसांत बाईने एके ठिकाणी थांबावं, पूजेला आणि स्वयंपाकाला हात लावू नये अशी अपेक्षा असते. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण ज्याच्या ओसरीवर निजायचं त्याच्याशी वाद घालायला मी गेले नव्हते. तिने काय करायचं ते ती ठरवेल. थांबायचं ठरलं तर तूही थांब. तुझ्या पायांनाही विश्रांती हवीच असते, फक्त तुला ती मागायची लाज वाटते.

दोन ठिकाणी मात्र वेगळं चालायचा माझा नियम मोडा. एक शूलपाणीची झाडी. मध्य प्रदेश सोडून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत उतरणारा तो डोंगराळ टापू. पूर्वी तिथे परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे. आता ती परिस्थिती राहिली नाही, उलट तिथले लोक बोलावून खाऊ घालतात. पण चढ-उतार दमवणारे आणि वाटा फसव्या, तेव्हा तिथे दोघांनीच काय, आणखी चार जणांसोबत चाला. दुसरं ठिकाण समुद्राचं. नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तटावरून पलीकडच्या तटावर मीठीतलाईला नावेने जायचं असतं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, कधी मध्यरात्री उठवतात, गर्दीत चढायची घाई होते. तिथे हात सोडू नका. एक चढला आणि एक किनाऱ्यावर राहिला तर पुढच्या नावेपर्यंत खोळंबा.

आणि शेवटी, ओंकारेश्वरला संकल्प सोडण्याआधी एक प्रश्न मिटवा. एकाचा पाय मुरगळला, डॉक्टरने तीन आठवडे चालायचं नाही म्हणून सांगितलं, तर दुसऱ्याने काय करायचं? थांबायचं, घरी परतायचं, की पुढे जायचं? संकल्प ज्याचा त्याचा असतो. माझं मत विचारशील तर ज्याला चालता येतंय त्याने चालावं. पण ‘तू जा’ हे जायबंदी होईल त्याने म्हणायला हवं, आणि तेही आज, पाय धड असताना. तिथे धर्मशाळेत सुजलेला पाय उशीवर ठेवून बसलेलं माणूस ‘जा’ म्हणतं तेव्हा त्याला नक्की काय म्हणायचंय हे तुम्हा नवऱ्यांना ओळखता येत नाही. बायकांनाही नेहमी येतं असं नाही.

हे पत्र तिलाही वाचायला दे. या प्रश्नाचं उत्तर तिने मला वेगळं कळवावं. तुझ्या मेसेजमध्ये ‘तिचंही हेच म्हणणं आहे’ असं आलं तर मी ते धरणार नाही.

तुझ्या
बाई