बिझनेस व्हिसावर जर्मनीत जाऊन कन्सल्टिंग करायचं का?

नमस्कार काका,

पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकल, सात वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मेथडिंगला, म्हणजे साचा कसा करायचा, धातू कसा ओतायचा ते ठरवायच्या कामाला, मॅग्मा या सॉफ्टवेअरवर ओतकामाचं सिम्युलेशन करतोय, आणि आता जर्मनीतली एक छोटी फाउंड्री म्हणतेय की नोकरी नाही पण कन्सल्टंट म्हणून ये, तीन आठवडे आमच्या मोल्डिंग लाइनवर उभं राहून रिजेक्शन (नापास होणारा माल) खाली आणून दे, दिवसाच्या रेटनं युरोत बिल लाव. एजंट म्हणतोय बिझनेस व्हिसा काढून देतो, तिथं कोण विचारतंय. तुमचा प्रश्न असा की हे चालतंय का, आणि पोरानं राजीनामा द्यायचा का.

आधी एजंटचं बघू. चालत नाही. शेंगेनचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) बिझनेस व्हिसा मीटिंग, बोलणी, करार, प्रदर्शन असल्या कामासाठी असतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. लाइनवर उभं राहून वाळू तपासायची, ओतायचं टेंपरेचर बदलून घ्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे म्हणजे ते काम झालं, मग पैसे कोल्हापूरच्या खात्यात येऊ देत नाहीतर आणि कुठं, काम करताना माणूस कुठं उभा आहे ते बघतात. आणि कोण विचारतंय म्हणाल तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बॉर्डरवर बोटांचे ठसे, फोटो, येण्याजाण्याच्या तारखा सगळं सिस्टीममध्ये टाकायला सुरुवात झालीय. पकडला तर परत पाठवतात, प्रवेशबंदी लागू शकते, पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं. एजंटची फी मात्र आधीच घेतलेली असते!

आता सरळ रस्ता. जर्मनीच्या रहिवास कायद्यात कलम २१ आहे, त्यात फ्रीलान्सरसाठी वेगळी तरतूद आहे, आणि तिथल्या टॅक्स कायद्यात इंजिनिअर हा स्वतंत्र व्यवसायांच्या यादीत नावानं आहे, म्हणजे आपल्या पोराचं काम त्यात बसू शकतं. अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे, नॅशनल व्हिसाची फी ७५ युरो. डिग्री, अनुभवाची पत्रं, पैशाचा हिशोब (कमाई किती होईल, खर्च किती), तिथं चालणारा आरोग्य विमा, नुसता ट्रॅव्हल इन्शुरन्स पुरत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथल्या गिऱ्हाइकांची पत्रं की होय, आम्ही याला काम देणार आहोत. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, पुढं वाढवता येतो. तिथं गेल्यावर टॅक्स ऑफिसकडं नोंदणी करून टॅक्स नंबर घ्यायचा, त्याशिवाय बिल नीट लावता येत नाही. आणि व्हिजिटिंग कार्डावर जर्मनमध्ये इंजिनिअर छापायची घाई नको, ते बिरुद तिथं कायद्यानं राखीव आहे, आधी मान्यता घ्यावी लागते.

पण खरी गोम पुढं आहे. गिऱ्हाईक एकच, टाइम त्यांचा, टेबल त्यांचं, सुट्टी त्यांना विचारून घ्यायची असं झालं तर जर्मनीत त्याला फ्रीलान्सर मानत नाहीत, लपवलेली नोकरी म्हणतात, आणि मग सोशल इन्शुरन्सची मागची थकबाकी कंपनीच्या गळ्यात पडते. म्हणून एका फाउंड्रीच्या भरवशावर हा परवाना मागू नका. आणि तीन आठवड्यांच्या एका कामासाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

मी काय म्हणतो, कामाचे दोन भाग करा. थ्रीडी फाइल, गेटिंग डिझाइन (साच्यात धातू जायच्या वाटा), सिम्युलेशन, रिपोर्ट, व्हिडिओ कॉलवर त्यांच्या सुपरवायझरला समजावणं, हे सगळं घरात बसून होतंय. भारतात बसून परदेशी गिऱ्हाइकाचं काम केलं तर जर्मनीच्या व्हिसाचा प्रश्नच येत नाही, ती सेवेची निर्यात झाली. पैसे बँकेतून परकीय चलनात येऊ देत, प्रत्येक पेमेंटचा कागद जपून ठेवायचा. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि एलयूटी (निर्यातदारानं जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरला की टॅक्स न लावता बिल देता येतं. इन्कम टॅक्समध्ये इंजिनिअरला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, ५० लाखांपर्यंतच्या जमेत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते, वह्या ठेवायची कटकट वाचते. उद्यमनगरातल्या कुठल्याही बऱ्या सीएला विचारा. एकच, मॅग्माचं लायसन्स आत्ताच्या कंपनीचं आहे, ते रात्री घरून वापरायचं नाही म्हणजे नाही, त्या जर्मन फाउंड्रीला विचारा तुमच्याकडचं वापरता येईल का.

राजीनाम्याचं म्हणाल तर आत्ताच नको. पण अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेरचं काम करायचं नाही असलं कलम असतंय बऱ्याचदा. असेल तर मालकाशी बोलून लेखी परवानगी घ्या, नाही मिळाली तर मग थांबा नाहीतर नोकरी सोडून उघड करा, चोरून नको. आणि आत्ताच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग नमुना म्हणून कुणाला दाखवायची नाहीत.

वर्षभरात दोन-तीन गिऱ्हाइकं झाली तर कलम २१ च्या अर्जात दम येईल. डुसेलडॉर्फला गिफा हे फाउंड्रीचं मोठं प्रदर्शन भरतं, पुढचं २०२७ मध्ये आहे. त्याला पोरगं जाऊ दे, गिऱ्हाइकं भेटू दे, रेट ठरवू दे, बिझनेस व्हिसा खुशाल काढा, तो त्याच्यासाठीच असतो.