ऐकेनासा झालेला वर्ग आणि आंतरवासितेचे शेवटचे आठवडे

जानेवारी उलटला की डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे फोन वाढतात. आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, संपत आलेली असते आणि अंतिम पाठ, म्हणजे परीक्षकांपुढे घ्यायचा पाठ, जवळ आलेला असतो. शब्द वेगळे, गाऱ्हाणं एकच. "मॅडम, आंतरवासिता संपत आली. आधी वर्ग छान ऐकायचा, आता अजिबात ऐकत नाही. अंतिम पाठ तोंडावर आलाय. मी शिक्षक व्हायच्या लायकीचीच नाही का?" मुलगेही हेच विचारतात, फक्त ते आधी ॲसिडिटी वाढल्याचं सांगतात.

या प्रश्नाला 'तसं काही नाही गं, होईल सगळं नीट' हे उत्तर घरीदारी फुकट मिळतं. त्याने फरक पडत असता तर कुणी माझ्याकडे आलंच नसतं. म्हणून एक प्रकरण सविस्तर सांगते. तिला आपण मुक्ता म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुक्ता जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होती. शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत. आली तेव्हा पिशवीत पाठ टाचणांची, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याच्या आराखड्यांची, जाडजूड फाईल होती आणि तिच्यावर निरीक्षण वही. वही तिने माझ्यापुढे उघडून ठेवली. प्रास्ताविक ठीक, शैक्षणिक साहित्य चांगले, फलक लेखन चांगले, आणि खाली लाल शाईत 'वर्ग नियंत्रणाकडे लक्ष द्यावे'. तिचं बोट त्या एका ओळीवरून हलत नव्हतं. रोज सकाळी एसटीत बसलं की पोटात गोळा येतो, म्हणाली. मैत्रिणींनी सल्ला दिला होता की एकदोघांना उठाबशा काढायला लाव, बाकीचे आपोआप गप्प बसतात. तिने तसं केलं नव्हतं, पण एका मुलाला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं आणि ते तिला खात होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानुसार मुलांना मारणंच नव्हे, मानसिक त्रास देणंही निषिद्ध आहे. तिला हे तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यामुळे अपराधीपण दुप्पट.

मी वही मिटवायला सांगितली आणि पुढच्या वेळी येताना तिसरीतल्या कुठल्याही तीन मुलांच्या गणिताच्या वह्या वर्गाच्या मार्गदर्शक बाईंना विचारून घेऊन ये, असं सुचवलं. तिला ते विचित्र वाटलं असावं. पण आणल्या.

पहिल्याच वहीत ४२ वजा १७ असं उदाहरण होतं आणि उत्तर लिहिलं होतं ३५. मी म्हटलं, चुकलंय की. मुक्ता म्हणाली, "चुकलंय, पण वेंधळेपणाने नाही. दोनातून सात जात नाहीत ना, मग ती सातातून दोन वजा करते आणि मोकळी होते. त्याचे पाच आणि चारातून एक गेल्यावर तीन. सगळीकडे तसंच केलंय बघा." पानं उलटून तिने तशी आणखी उदाहरणं दाखवली. मग सांगायला लागली, की या मुलीला दशक सुटा करायला सांगितलं की ती काड्यांचा गठ्ठा सोडायला तयार होत नाही, कारण रबर लावून नीट बांधलेला गठ्ठा मोडणं तिच्या जिवावर येतं. म्हणून मुक्ताने तिला दहा रुपयांची नोट आणि सुटे रुपये दिले. दुकानात नोट मोडतात हे तिला ठाऊक होतं, तिथे गाडी पुढे सरकली. मात्र वहीत अजून जुनीच सवय डोकं काढते. दुसऱ्या वहीबद्दल असंच. तिसऱ्या वहीपर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलोच नाही.

मग मी तिला विचारलं, आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्यात या मुलीबद्दल तू मला काय सांगू शकली असतीस? ती थोडी थांबली. "नावसुद्धा माहीत नव्हतं."

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये शिक्षकांच्या काळज्यांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शिकाऊ शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते: मी कशी दिसते, मुलं मला मानतील का, निरीक्षक काय म्हणतील. अनुभव वाढतो तशी ती मुलांकडे वळते: हिला हे समजलं का, नसेल तर का नाही. पुढे याच मांडणीत या दोहोंच्या मधला, पाठ आणि साहित्य यांच्या काळजीचा टप्पाही धरला गेला. माझ्या अनुभवात हा प्रवास सरळ रेषेत होत नाही. शिकाऊ शिक्षक वर्गातल्या मुलांपर्यंत पोचलेले असतात, एवढ्यात अंतिम पाठाची तारीख लागते आणि नजर पुन्हा स्वतःकडे फिरते. बाहेरून येणारा परीक्षक, गुणांचा तक्ता, मागे बसलेल्या बाई. मुक्ताचं तेच झालं होतं. तिला कौशल्य नव्हतं असं नाही, ते बघायला तिला सवडच नव्हती. अंतिम पाठाच्या टाचणात समासात दोन मुलांची नावं लिहून ठेव आणि त्या दोघांना समजतंय का एवढंच बघत शिकव, असं आम्ही ठरवलं.

आता वर्गाच्या गोंगाटाचं. तो तिच्या मनाचा खेळ नव्हता, वर्ग खरंच बिघडला होता. का, ते मात्र तिने शोधलं नव्हतं. मी विचारलं, तू कधी जाणार हे मुलांना माहीत आहे? "नाही, सांगितलं नाही. रडतील म्हणून." अहो, मुलांना सगळं माहीत असतं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना माहीत असतं म्हणजे मुलांना असतंच. शिवाय या शाळेत दरवर्षी नव्या बाई येतात आणि उन्हाळ्याआधी जातात, हे चौथीतल्यांनी बघितलेलं आहे. जाणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे आठ वर्षांच्या मुलाला कुणी शिकवत नाही. कुणी चिकटतं, कुणी रुसतं, कुणी आधीच भांडून मोकळं होतं. मुक्ताने ज्याला बाहेर उभं केलं होतं तो तिसऱ्या प्रकारातला. दिवाळीआधी हाच मुलगा तिची पिशवी उचलायला फाटकापर्यंत धावत यायचा. त्यात मार्गदर्शक बाई पुन्हा वर्गात बसू लागल्या होत्या. मुलं प्रश्नाचं उत्तर मुक्ताला देत आणि बघत बाईंकडे. एका खोलीत दोन बाई, ऐकायचं कुणाचं?

म्हणून दुसरं काम होतं वर्ग परत देण्याचं. हे बाईंशी बोलूनच करावं लागतं आणि तिथेच मुली बिचकतात. मुक्तालाही वाटलं, बाई म्हणतील हिला पेलवत नाही. बाईंना उलट बरं वाटलं, कारण निरोपाच्या दुसऱ्या दिवशी एकदम सगळा वर्ग अंगावर घेणं त्यांनाही जड जातं. आधी परिपाठ आणि मराठी बाईंकडे, मग परिसर अभ्यास, गणित शेवटपर्यंत मुक्ताकडे. ज्या तासाला जी शिकवेल तिनेच सूचना द्यायच्या, दुसरीने मधे बोलायचं नाही.

आणि मुलांना तारीख सांगायची. मुक्ताने फळ्याच्या कोपऱ्यात उरलेले दिवस लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोघी रडल्या, तो मुलगा खिडकीतून बाहेर बघत बसला. तिने त्याला बाजूला घेऊन बाहेर उभं केल्याबद्दल सरळ माफी मागितली, आणि काड्यांचे गठ्ठे वाटायचं काम तूच करशील का, असं विचारलं. त्याने खांदे उडवले, पण दुसऱ्या दिवशी गठ्ठे वाटले. वर्ग जादूने शांत झाला नाही. फक्त गोंगाट कशाचा आहे हे तिला कळू लागलं.

एक गोष्ट मी सगळ्यांनाच बजावते: 'मी तुम्हाला भेटायला येत राहीन' असं कबूल करू नका. तुमच्या तोंडून ते सहज निघतं, पण मुलं शनिवारी फाटकाकडे बघत बसतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, त्यात त्या मुलाबद्दल खरं असलेलं एखादं वाक्य. 'तू हुशार आहेस' नको. 'तू लहान भावाला घड्याळ शिकवलंस ते मला आवडलं' चालेल. आणि निरोपाच्या दिवशी मुलांचे फोटो काढून स्टेटसला ठेवायचा मोह आवरा. मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारलेलं नसेल तर ते फोटो तुमचे नाहीत.

अंतिम पाठ बरा झाला. मधेच एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई, आज तुम्ही इतक्या हळू का बोलताय?" आणि परीक्षकांसह सगळे हसले.

त्यानंतर मुक्ता पुन्हा आली, ती वेगळ्या कारणाने. हेच कारण बहुतेकांच्या पोटातल्या गोळ्याखाली असतं: पुढे काय? तिचे वडील म्हणत, डी.एड. (डी.एल.एड.चं जुनं नाव) झालं की नोकरी. त्यांच्या पाहण्यातला काळ तसाच होता. पण २०१०नंतर भरती वर्षानुवर्षं रखडली, २०१३पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, मग भरतीसाठी पवित्र पोर्टल हे सरकारी संकेतस्थळ आलं. भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली ती पुढे थेट २०२३ मध्ये. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन; २०२३ आधी ते ६,००० होतं. हे सगळं मी वडिलांना समोर बसवून कागदावर मांडलं. मुलगी शिक्षिका म्हणून कशी आहे आणि सरकार जागा कधी काढतं, या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, एवढं त्यांनी मान्य केलं. टीईटीच्या पहिल्या पेपरला १५० पैकी खुल्या प्रवर्गासाठी ९० गुण लागतात, ते मिळवायला तिला घरकामातून रोज सकाळचे दोन तास मोकळे हवेत, हेही तिथेच ठरलं. आईने ते ऐकून वडिलांकडे बघितलं, कारण त्या दोन तासांतलं दूध घालायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला पाठाच्या दिवशीच नव्हे तर आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण तुटलं असेल किंवा जगून काय उपयोग असं मनात येत असेल, तर अंतिम पाठ होईपर्यंत थांबू नका. शासनाच्या टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. महाविद्यालयातल्या ज्या प्राध्यापकांशी तुमचं जमतं त्यांनाही त्याच दिवशी सांगा. पाठाची तारीख पुढे घेता येते का, ते विचारायला त्यांची मदत होईल.