त्या .२५ च्या पिस्तुलाबद्दल

अरे,

ते जुनं छोटं पिस्तुल घेऊ का असं विचारणारा तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, लगेच उत्तर टाकणार होतो पण म्हटलं दोन ओळींत लिहिलं तर तू "काका नको म्हणाले" एवढंच लक्षात ठेवशील, म्हणून आज सावकाश लिहितोय. मी नको म्हणत नाहीये. घे पण म्हणत नाहीये. फोटोत पिस्तुल झकास दिसतंय, तळहातात मावणारं, निळसर काळं, शिंपल्याच्या ग्रिप्स, आणि तुझा जीव त्यावर जडलाय हे उद्गारचिन्हांवरूनच कळलं. माझंही पहिल्या वेळेला अगदी असंच झालं होतं, ते पुढे सांगतो.

आधी कागद. तुझ्याकडे लायसन्स आहे का, त्यात हे कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, बसतं का, विकणाऱ्याच्या कागदावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर एकच आहे का, आणि हे हस्तांतर तुझ्याकडच्या कायद्याने रीतसर होतंय का. यातलं एकही उत्तर "बघू नंतर" असं असेल तर विषय संपला, पुढचं वाचूच नकोस. नंबर खरवडलेला दिसला तर हातसुद्धा लावू नकोस, किती का सुंदर असेना.

आता खरा प्रश्न, तुला हे कशासाठी पाहिजे. तू लिहिलंयस "छोटं आहे, कुठेही ठेवता येईल". बरोबर, पण जे छोटं असतं ते चालवायला सोपं असतं हा गैरसमज आहे, आणि मी नवीन पोरांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच बघितलाय. दोन इंचांची नळी, नेम धरायची पुढची साइट म्हणजे नखाएवढा उंचवटा, मागे नुसती खाच, मुठीत दोनच बोटं बसतात आणि तिसरं हवेत लोंबकळतं. मोठ्या पिस्तुलाने पहिल्या दिवशी तू टार्गेटच्या मधल्या गोलात गोळ्या घालशील, हे घेऊन त्याच अंतरावर उभा राहिलास तर कागदावर लागली तरी बघ. शिवाय बऱ्याच छोट्या पिस्तुलांत स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे येताना अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी चावते, मला अजून तिथे बारीक व्रण आहे. त्यामुळे खिशातलं पिस्तुल हे नवशिक्याचं नाही, ज्याचे हजारो राउंड, म्हणजे काडतुसं, मारून झालेत त्याचं आहे. उलटं वाटतं पण तसंच आहे.

कॅलिबरचं थोडं सांगतो कारण विकणारा तुला काहीही सांगेल. .२५ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-डिझायनरने १९०५ च्या सुमारास काढलं, खास वेस्टकोटच्या खिशात जाणाऱ्या पिस्तुलासाठी. गोळी साधारण ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅम, आणि ताकद जेमतेम ९० ज्यूल. .३२ एसीपी त्याच्याही आधीचं, १८९९ चं, गोळी ७१ ग्रेन आणि ताकद जवळपास दुप्पट. आजच्या साध्या नाइन एमएमसमोर दोन्ही लहान भाऊच, .२५ तर पाचपटीने कमी. मग .२२ का नाही, तीही तेवढीच लहान आणि राउंड स्वस्त? कारण .२२ रिमफायर आहे, पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो आणि तो दर वेळी सगळीकडे सारखा पसरलेला असतोच असं नाही, म्हणून कधीतरी चाप ओढला की नुसतंच टक्. .२५ मध्ये तो मसाला, म्हणजे प्रायमर, मधोमध असतो, पेटायची खात्री जास्त. एवढ्या एका कारणासाठी लोकांनी ते शंभर वर्षं खिशात वागवलं. सरावाला मात्र .२२ सारखं काही नाही.

.३२ मिळत असेल तर मी तिकडे झुकेन, पण त्याचीही एक खोड आहे. त्याच्या काडतुसाची मागची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे राउंड भरायच्या पेटीत, वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात, मग स्लाइड कितीही ओढ. आखूड हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाचे, राउंड वापरले की हे जास्त होतं कारण मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा राहते. जुन्या पिस्तुलात गुपचूप फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या कवचाची गोळी, भरावं, ती त्याच गोळीसाठी बनलीयेत.

आता तुझ्या फोटोतल्या पिस्तुलावर येतो. त्याला बाहेरून हॅमर, म्हणजे मागचा घोडा, दिसत नाही, आत स्ट्रायकर आहे, म्हणजे स्प्रिंगने पुढे जाऊन ठोका देणारी पिन. म्हणजे चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाशी राउंड बसतो त्या जागेत, राउंड भरून ठेवलं की आतली स्प्रिंग पूर्ण दाबलेली, आणि तिला धरून ठेवतं ते फक्त एक छोटं खाचेचं टोक. जुन्या डिझाइनमध्ये बाजूची सेफ्टी त्या टोकालाच अडवते, स्ट्रायकरला थेट काही धरत नाही. ते टोक झिजलेलं असेल आणि पिस्तुल फरशीवर आपटलं तर काय होईल हे मी लिहायला नको. आणि कुणी वर्षानुवर्षं ते भरून कपाटात ठेवलं असेल तर स्प्रिंग मऊ पडलेली असू शकते, मग प्रायमरवर ठोका हलका बसतो आणि ऐन वेळेला गोळी उडत नाही. दोन्ही बाजूंनी नुकसान. असलं पिस्तुल खिशात ठेवायचं तर चेंबर रिकामा ठेवूनच, आणि मग तू म्हणशील काका मग त्याचा उपयोग काय, तर हो, हाच तर प्रश्न आहे.

बेरेटा या इटालियन कंपनीचं ९५० हे छोटं पिस्तुल बघितलंयस का कधी? १९५२ पासूनचं. त्याची नळी एक खटका दाबला की मागून वर उचलली जाते, राउंड थेट चेंबरमध्ये ठेवता येतं, स्लाइड ओढायची झंझटच नाही, आणि रिकामं आहे की नाही ते डोळ्यांना सरळ दिसतं. पण त्याला एक्स्ट्रॅक्टरच, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडाच, नाही, रिकामी पुंगळी नुसत्या गॅसच्या धक्क्याने बाहेर पडते. त्यामुळे राउंड फुसका निघाला तर स्लाइड ओढून तो निघत नाही, नळी उचलूनच काढावा लागतो. प्रत्येक वस्तूत कुठेतरी तडजोड केलेली असतेच, ती कुठे केलीये ते घेण्याआधी माहीत पाहिजे, एवढंच.

माझी गोष्ट सांगतो म्हणालो होतो. मी घेतलेलं पण .२५, सेकंड हँड, बघायला गेलो तर त्या गृहस्थाने ड्रॉवर उघडला आणि "रिकामं आहे हो" म्हणत हातात दिलं. मी सवयीने तोंड भिंतीकडे करून आधी मॅगझिन काढलं, मग स्लाइड मागे ओढली, आणि टेबलावर टक्कन एक राउंड पडून गोल गोल फिरत राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याने मॅगझिन रिकामं केलं होतं, चेंबर विसरला होता. तेव्हा क्रम डोक्यात पक्का कर, आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी बघ, मग करंगळीचं टोक घालून बघ. उलट केलंस, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर मॅगझिनमधला वरचा राउंड तूच चेंबरमध्ये घालून ठेवलास.

एवढं होऊनही मी ते घेतलं, कारण चकाकत होतं. रेंजवर नेलं, दोन राउंड छान, तिसरा तिरका होऊन अडकला. साफ केलं, परत दोन छान, परत तिसरा अडकला. पंधरा दिवस मी राउंडला शिव्या घातल्या, स्प्रिंग बदलली, तेल बदललं. शेवटी एका जुन्या कारागिराने मॅगझिन हातात घेतलं, पिस्तुलाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांवरून नख फिरवलं. एक ओठ केसभर बाहेर वाकलेला. कुणीतरी कधीतरी पाडलं असणार. त्या मॉडेलचं दुसरं मॅगझिन मिळायला मला जवळपास वर्ष लागलं आणि त्याला जे पैसे पडले ते मी घरी अजून सांगितलेले नाहीत. म्हणून जुनं छोटं पिस्तुल बघताना मी आधी मॅगझिन बघतो आणि मग बाकीचं. दुसरं मॅगझिन मिळतं का, स्प्रिंग मिळते का, एक्स्ट्रॅक्टर मिळतो का, हे आधी शोध. मिळत नसेल तर ते शोपीस आहे, शोपीस म्हणून घ्यायचं तर खुशाल घे.

हातात घेशील तेव्हा काय बघायचं. नळीतून उजेडाकडे बघ, आत गोल काळी रिंग दिसली तर कधीतरी आत गोळी अडकलेली असताना दुसरी मारलीये आणि नळी फुगलीये, ठेवून दे. बारीक खड्डे असतील तर जुन्या राउंडच्या खारट प्रायमरने गंजलंय, थोडे चालतात. कोरलेली अक्षरं पुसट आणि कडा गोल झालेल्या दिसल्या तर गंज घासून परत ब्लूइंग, म्हणजे निळसर काळा मुलामा, केलंय. स्क्रूची तोंडं कुरतडलेली असतील तर कुणीतरी घरी बसून रिपेरी केलीये, आणि तुझ्या फोटोत ग्रिपचे स्क्रू तसेच वाटतायत, झूम करून बघ. मग, रिकामं आहे हे परत एकदा तपासून आणि मालकाला विचारून, सेफ्टी लावून चाप ओढ, सोड, आता सेफ्टी काढ, आत काही सुटल्याचा आवाज आला तर सेफ्टी खराब. चाप दाबून धर, स्लाइड ओढ आणि हळू पुढे सोड, स्ट्रायकर सोबत पुढे गेला तर आतला डिस्कनेक्टर, म्हणजे एका चापाला एकच गोळी सुटू देणारा भाग, गेलाय, असलं पिस्तुल एका चापात दोन-तीन गोळ्या सोडू शकतं. डमी, म्हणजे नकली, राउंड घालून केलंस तर अजून बरं, आणि .२२ असेल तर रिकामा चाप ओढूच नकोस, पिन चेंबरच्या कडेवर आपटते. काही स्वस्त छोटी पिस्तुलं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, हाताला लागतात जड पण चीर पडली की संपली, ती जुनी घेण्यात अर्थ नाही.

आणि घेतलंसच तर खिशात घालण्याआधी किमान २०० राउंड रेंजवर, तू जे राउंड वापरणार तेच, शेवटचे १०० एकही न अडकता गेले पाहिजेत. मधे एक अडकला की मोजणी परत एकपासून. खिशात नुसतं टाकायचं नाही, चाप झाकणारं खिशाचं होल्स्टर, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, नाणं नाही, रुमाल पण नाही. महिन्यातून एकदा काढून खिशातला कापूस साफ कर, विश्वास नाही बसणार किती साचतो.

एक गोष्ट विचारायला अवघड वाटते पण विचारतो. घरात लहान मुलं आहेत का, आणि घरात कोणी, तू धरून, सध्या मनाने खचलेलं आहे का. यातलं काहीही असेल तर आत्ता नको, सहा महिने थांब, पिस्तुल कुठे पळून जात नाही. आणि ते तू आहेस असं असेल तर पिस्तुलाचं राहू दे बाजूला, मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल.

बाकी, रविवारी रेंजवर ये. माझं .३२ आणि क्लबचं मोठं .२२ दोन्ही काढून ठेवतो, दोन्हींनी पन्नास-पन्नास मार आणि कागद घरी घेऊन जा, शेजारी शेजारी लावून बघ. तोपर्यंत त्या माणसाला बयाणा देऊ नकोस, त्याच्याकडून मॅगझिनचा एक फोटो मागव, वरून काढलेला, दोन्ही ओठ दिसतील असा, आणि मला पाठव.

काका