आधी तेलाची पिशवी, मग नकाशा

सोसायटीत दर रविवारी जागतिक राजकारणावर गप्पांचा वर्ग घेणार आहेस ना, मग पहिल्याच रविवारी संयुक्त राष्ट्रांची सनद काढून बसू नकोस. सोसायटीच्या हॉलमधले काका-काकू चहाची वाट बघायला लागतात. तेलाच्या पिशवीपासून सुरुवात कर. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि इथे कोथरूडच्या वाण्याकडे सूर्यफूल तेल कडाडलं, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल तिकडूनच यायचं. मग नकाशा पसर, काळा समुद्र त्यांनाच शोधू दे. काळ्या समुद्रातून जहाजांना बाहेर काढणारी बॉस्फरसची चिंचोळी वाट बोटाखाली आली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वाद होणारच, पुणं आहे! तू कुणाची बाजू घेऊ नकोस. पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार नीट समजाव, म्हणजे त्यांच्यापैकी एकानेही ‘नाही’ म्हटलं की ठराव बारगळतो. ही परिषद इतकी हतबल का दिसते, हे त्याशिवाय उलगडत नाही. शाळकरी पोरांना वेगळी वेळ दे. आणि प्रोजेक्टर आदल्या दिवशीच तपासून घे.