हिमालयन २०२० की २०२१?

प्रश्न : जुनी रॉयल एन्फील्ड हिमालयन घ्यायची आहे. एक २०२०ची, दुसरी २०२१ची. किमतीत अठरा हजारांचा फरक. माझी उंची सहा फूट. पावसाळ्यात कोकण, पुढे स्पिती असा बेत आहे. कोणती घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इंजिन दोन्हींचं तेच, ४११ सीसी, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) पाळणारं. टाकी तीच, १५ लिटरची. कच्च्या रस्त्यावर मागच्या चाकाचं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करायची सोयही दोन्हींत आहे. ती २०२०मध्येच आली. (२०१९ची दाखवली असती, तर मी सरळ नको म्हटलं असतं.)

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट उंची. २०२०च्या गाडीत टाकीशेजारची लोखंडी चौकट उंच माणसाच्या गुडघ्याला लागते. माझी २०२०चीच आहे, उंची तुमच्याएवढीच. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचेपर्यंत गुडघा हुळहुळतो. २०२१मध्ये ती चौकट बदलली, काच उंच केली, सीटही सुधारली. ट्रिपर नावाचा रस्ता दाखवणारा छोटा गोल पडदा आला, पण त्यासाठी मी पैसे मोजणार नाही.

तरीही आधी दोन्ही गाड्या मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं, तर हँडलचं बेअरिंग गेलंय. मग फोर्कमधून (पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या, धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधून) तेल गळतंय का, स्पोक सैल आहेत का, तेही बघा. दोन्ही सारख्याच निरोगी निघाल्या, तर अठरा हजार जास्त द्या आणि २०२१ची घ्या. घेण्याआधी तासभर चालवायला मात्र मागाच, गल्लीतल्या चकरेत गुडघ्याचं कळत नाही.