“मी गुहेत शिरले आणि मेले”

आइंडहोवनहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. त्यात तक्रारी चार आहेत. तीन मी शेवटी थोडक्यात उरकणार आहे, कारण पहिलीवर बोलायची संधी मी सोडत नसते. पत्रातला तो भाग आधी वाचा.

“मुलगा तेरा वर्षांचा आहे. स्कायरिम खेळतो. त्यात त्याने बाई घेतली आहे, धनुष्यबाणवाली. मी आजवर लक्ष दिलं नव्हतं. पण सध्या सासू-सासरे आले आहेत. परवा जेवताना आबांनी कौतुकाने विचारलं, ‘आज काय केलंस रे तुझ्या खेळात?’ तर हा म्हणतो, ‘मी गुहेत शिरले आणि मेले.’ आबांचा घास हातातच राहिला. तेव्हापासून घरात कुजबुज चालू आहे. त्याला ती बाई बदलायला सांगू का? आणि मुळात मुलगा असून त्याला बाई का घ्यावीशी वाटली?”

ताई, यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. एक ती बाई, दुसरं ते क्रियापद. आबांचा घास अडला तो क्रियापदामुळे. बाई तर कित्येक आठवडे तुमच्याच दिवाणखान्यात बाण मारत होती, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

म्हणून आधी क्रियापद. तुमचा मुलगा दिवसभर डच आणि इंग्रजी बोलतो. दोन्हीत ‘मी’ म्हटलं की विषय संपला; बोलणारा मुलगा की मुलगी हे क्रियापद सांगत नाही. मराठीत मात्र ‘मी’चं बिंग लगेच फुटतं, आणि गंमत म्हणजे ते दर वेळी फुटतंच असंही नाही. ‘मी ड्रॅगन मारला’, ‘मी दार उघडलं’, ‘मी उडी मारली’ हे मुलगा आणि मुलगी अगदी सारखंच म्हणतात, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. पण शिरणं, पडणं, पळणं, अडकणं, मरणं अशी अकर्मक क्रियापदं आली की ‘-लो’ की ‘-ले’ हे ठरवावंच लागतं. आता सांगा, असल्या खेळात मूल दिवसातून सगळ्यात जास्त काय करतं? पडतं, पळतं, अडकतं आणि मरतं. ड्रॅगन मारल्याची बातमी त्याने सांगितली असती तर तुमच्याकडे जेवण शांतपणे पार पडलं असतं.

तर आज रात्री एवढं करा. त्याला तीन प्रश्न विचारा, ओळीने नको, गप्पांच्या ओघात. ‘दुपारी कुठे गेला होतास?’ ‘दमलास का?’ आणि ‘खेळात पुढे काय झालं?’ पहिल्या दोन्हींना ‘गेलो होतो’, ‘दमलो’ आणि फक्त तिसऱ्याला ‘मेले’ असं उत्तर आलं, तर पेढे वाटा. परदेशात वाढणाऱ्या मुलाला पात्राच्या तोंडून बोलताना लिंग बदलता येतं, म्हणजे त्याची मराठी तुम्हाला वाटते त्याहून पक्की आहे. पण तिन्हींना ‘-ले’ आलं, तर त्या धनुर्धारी बाईला दोष देऊ नका. त्याने मराठी ऐकली ती बहुतेक तुमच्याच तोंडून. बाबा घरात इंग्रजी बोलत असणार, नाहीतर फोनवर. आमच्या धाकट्याचं ‘मी येते’ सातव्या वर्षापर्यंत सुटलं नव्हतं, आणि ते सुटलं शिकवणीने नव्हे, त्याचा बाबा रोज त्याच्याशी मराठीत बोलायला लागल्यावर.

दोन्ही बाबतींत उपाय मात्र एकच, आणि तो तुमच्या घरात येऊन बसला आहे. आबा शेंगेन व्हिसावर आले असतील तर फार तर नव्वद दिवस हाताशी आहेत. रोज दहा मिनिटं मुलाने खेळातली हकीकत आबांना मराठीत सांगायची. त्या बाईला एक मराठी नाव द्यायला सांगा, आणि ती ‘शिरली’, ‘पडली’, ‘मेली’ असं तृतीयपुरुषी बोलायचं. स्वतःविषयी बोलताना ‘-लो’, तिच्याविषयी ‘-ली’. चुकला तर थांबवून व्याकरण शिकवू नका. आबांनी पुढच्या प्रश्नात बरोबर रूप वापरायचं, ‘मग ती पडली कशी?’, की झालं. इतका सोपा गृहपाठ कुठल्याही रविवारच्या मराठी शाळेत मिळायचा नाही.

आता आबांचा रुसवा. त्यांना हळूच आठवण करून द्या की बालगंधर्व पुरुषच होते, आणि त्यांची नऊवारी, त्यांचे दागिने पाहून घरंदाज बायका तशा नटत. कोकणातल्या दशावतारात राणीचं काम आजही बाप्याच करतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या स्त्रीच्या तोंडच्या आहेत, आणि नाथांच्या भारुडात सासुरवाशीण गाऱ्हाणं घालते तेव्हा कुणी नाथांकडे वळून बघत नाही. सोंग घेणं आपल्याकडे नवं नाही. नवा आहे तो हातातला कंट्रोलर.

‘बाई का घ्यावीशी वाटली?’ याची उत्तरं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. चालताना मुलं कॅमेरा मागे घेतात, त्यामुळे ऐंशी-शंभर तास समोर पात्राची पाठ, केस आणि चिलखत दिसत राहतं. इतका वेळ काय बघायचं हा नुसता आवडीचा प्रश्न आहे. कुणाला आवाज आवडतो. मास इफेक्टमध्ये नायकाला आवाज मार्क मीरचा आणि नायिकेला जेनिफर हेलचा, आणि तिच्या आवाजासाठी नायिका घेणारे ढिगाने आहेत. 2021 मध्ये त्या मालिकेची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने दिलेल्या आकड्यांत 68 टक्के खेळाडूंनी पुरुष शेपर्ड (हे त्या नायक-नायिकेचं नाव) घेतला होता, 32 टक्क्यांनी स्त्री. कुणाला पात्र म्हणजे ‘मी’ वाटतं, कुणाला हातातली कळसूत्री बाहुली. बाहुली वाटणारा कशाला स्वतःसारखी घेईल? आमच्याकडे नवरोबा पंचेचाळिशीत मांजरमुखी खजीत बाई घेऊन खेळतात. घरात त्यावर कुजबुज झालेली नाही; कुजबुज होते ती भांडी कुणी घासायची यावर.

एक शक्यता मात्र झटकू नका. काही थोड्या मुलांना स्वतःविषयी खरोखरच काही प्रश्न पडलेले असतात, आणि पात्र ही ते चाचपून बघायची बिनधोक जागा असते. पात्राच्या निवडीवरून ते ओळखता येत नाही, म्हणून उलटतपासणी घ्यायची नाही. मूल आपण होऊन बोललं तर ऐकायचं, आणि त्या वेळी आबांना फिरायला पाठवायचं. त्याला दडपण जाणवलं तर डॉक्टरांकडून समुपदेशकाची चिठ्ठी घ्या. कुजबुज मात्र आजच थांबवा. ती मुलांना आपल्या अंदाजाच्या आधी ऐकू जाते.

“बाई बदलायला सांगू का?” नको. पण मुलाशी बोलण्याआधी निदान एवढं माहीत असू द्या की स्कायरिममध्ये स्त्री-पुरुष निवडीने ताकद, वेग, कौशल्य यांत म्हणावा असा काही फरक पडत नाही. त्याच कंपनीच्या जुन्या मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियनमध्ये सुरुवातीचे गुण वेगळे असत, ते इथे काढून टाकले. फरक पडतो तो वंशाने. दहा वंश आहेत. नॉर्डला थंडीच्या माऱ्यापासून 50 टक्के संरक्षण, ब्रेटनला जादूपासून 25 टक्के. लिंगाचा हिशेब येतो तो दोनच बारीक जागी. बोलण्याचं कौशल्य 30 झालं की ‘अल्यूर’ नावाची सवलत घेता येते, मग विरुद्धलिंगी दुकानदाराकडे भाव 10 टक्के बरा मिळतो. आणि मार्कार्थ शहरातल्या डिबेलाच्या देवळाचं काम पुरं केलं की विरुद्धलिंगी शत्रूला जवळच्या हत्याराचा मार 10 टक्के जास्त बसतो. दरोडेखोरांत पुरुष जास्त भेटतात, त्यामुळे बाई घेणाऱ्याला इथे किंचित फायदा. पण तुमचा मुलगा धनुष्य वापरतो, म्हणजे त्याला तोही नाही. लग्नालाही स्त्री-पुरुष अशी अट नाही, आणि नायकाला संवादात आवाजच नाही.

आणि बदलायचंच म्हटलं तर ते सोपं नाही. रिफ्टनच्या भुयारी खानावळीत एक बाई 1000 सोन्याच्या नाण्यांत चेहरा बदलून देते, पण वंश आणि लिंग तिच्या हातात नाही. संगणकावर खेळत असेल तर कन्सोल म्हणजे आज्ञा टाइप करायची चौकट उघडून ‘शोरेसमेनू’ ही आज्ञा देता येते. आधी वेगळी सेव्ह ठेवायची आणि वंशाला हात लावायचा नाही, नाहीतर कमावलेल्या कौशल्यांचे आकडे बिघडू शकतात. प्लेस्टेशन किंवा स्विचवर ही सोयच नाही. तिथे ‘बदल’ म्हणजे नवा डाव, आणि जमवलेले चाळीस तास पाण्यात. कुठलाही तेरा वर्षांचा मुलगा त्यावर आदळआपट करील, आणि तुम्ही म्हणाल, बघा कसा अडून बसलाय त्या बाईसाठी. अहो, तो अडून बसलाय चाळीस तासांसाठी.

आता थोडं बोलणार आहे, रागावू नका. अख्ख्या पत्रात बाईचा उल्लेख मी सात वेळा मोजला. स्कायरिमच्या डब्यावर पेगीचा, म्हणजे युरोपातल्या वयाच्या मानांकनाचा, 18 चा शिक्का आहे, त्याचा एकदाही नाही. मुलगा तेराचा. त्या गुहेत मुंडकी उडतात ताई, आणि आपली चर्चा ‘मेलो’ की ‘मेले’ यावर! आपण शाळेची डच पत्रकं शब्दकोश घेऊन वाचतो, खेळाच्या डब्यावरचा ठळक आकडा मात्र दिसत नाही. खेळू द्यायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. पण ठरवा, आपोआप घडू देऊ नका.

पुढचा खेळ आणाल तेव्हा पहिली पंधरा मिनिटं शेजारी बसा. पात्र घडवण्याचा पडदा आला की एकच गोष्ट बघायची, ही निवड नंतर फिरवता येते का. स्टारड्यू व्हॅलीत येते: जादूगाराशी चार बदामांची मैत्री झाली की त्याच्या तळघरात 500 नाण्यांत रूप बदलून मिळतं. अ‍ॅनिमल क्रॉसिंगमध्ये आरशासमोर उभं राहिलं की झालं. तिथे ‘मुलगा की मुलगी’ असं विचारतच नाहीत, ‘कुठली शैली’ विचारतात. पण एका स्विचवर बेट एकच असतं, म्हणून भावंडांना आधीच वेगवेगळी प्रोफाइल काढून द्या. असॅसिन्स क्रीड ओडिसीत अलेक्सिओस की कसांड्रा हे एकदाच विचारतात. गेन्शिन इम्पॅक्टमध्येही जुळ्या भावंडांतलं एक सुरुवातीलाच निवडायचं, आणि जे निवडलं नाही ते हरवतं. पुढची सगळी कथा त्याला शोधण्याची. ही निवड कायमची समजूनच करा. बरीच मुलं तिथे ‘मी कोण होऊ’ असा विचार न करता ‘मी कुणाला शोधू’ असा करतात. धाकटी बहीण असलेल्या मुलाला विचारून बघा.

आता उरलेलं. “लेक सोळाची. ती उलट, ऑनलाइन खेळात दणकट पुरुष होऊन फिरते. म्हणते, कटकट नको म्हणून.” शहाणी आहे. बाईचं पात्र दिसलं की अनोळखी लोक फुकटच्या भेटी, मदत आणि मग फोन नंबर मागायला येतात, हा मुलींचा नेहमीचा अनुभव आहे. तिला फक्त दोन गोष्टी विचारा. व्हॉइस चॅट फक्त मैत्रिणींपुरतं आहे ना? आवाज ऐकला की पुरुषाचं सोंग तिथेच संपतं. आणि पात्राचं नाव काय? फायनल फँटसी फोर्टीनमध्ये नाव आणि आडनाव असे दोन रकाने भरावे लागतात, आणि आपली गुणी मुलं त्यात सरळ स्वतःचं नाव-आडनाव लिहून मोकळी होतात. ते डोक्यावर सगळ्यांना दिसत राहतं. तसं झालं असेल तर पैसे भरून बदलून घ्या, कुरकुर न करता.

“गेन्शिनमध्ये चाळीस युरो गेले.” खरेदीला तुमच्या मंजुरीची अट लावा, आणि मुलाला कागदावर गणित मांडू द्या. तिथे नवी पात्रं सोडतीसारखी ‘ओढून’ मिळवायची असतात: पंचतारांकित पात्राची हमी नव्वदाव्या ओढीला, एका ओढीला 160 प्रिमोजेम (खेळातलं चलन), म्हणजे 14,400. त्यातही हवं तेच पात्र पहिल्या खेपेला मिळेल याची खात्री नाही.

“पुण्याच्या चुलतभावाबरोबर रात्री जागतो.” उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे दहा म्हणजे पुण्यात दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात अडीच. तिकडच्या काकूला फोन करा, तिला बहुधा माहीतच नाही. रविवारी तुमच्या सकाळी दहाला दोघांना बसवा.